ओटी ते गोठा: दोन जुन्या फोनांवर चालणारा घरगुती तारेचा फोन

कोकणातलं जुनं घर लांबीला वाढलेलं असतं. पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, मग आगर आणि आगराच्या टोकाला मांगर किंवा गोठा. भिंती जांभ्याच्या, दीड-दीड फूट जाडीच्या. वाय-फाय दुसऱ्या खोलीत गेलं की दमतं. आषाढातला पाऊस कौलांवर कोसळत असताना मारलेली हाक माजघराच्या पलीकडे जात नाही. मोबाइलवर भिस्त ठेवावी, तर वीज गेल्यावर काही तासांत टॉवरही जातो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वेळी किनाऱ्यालगतच्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क दिवसचे दिवस नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा गोठ्यात गाय विण्याच्या बेतात असेल, तर घराच्या दोन टोकांत विजेवाचून चालणारा फोन असणं ही गरज आहे.

तो बनवायला लागतात दोन जुने तारेचे फोन, दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, दोन बझर आणि आठ तारांची केबल. मंडल साधं आहे, शाळेत विज्ञानात विद्युतमंडल शिकलेलं मूलही मोठ्यांच्या देखरेखीखाली जोडू शकेल. कोकणात हा फोन बंद पडतो तो जोडामुळे, मंडलामुळे क्वचितच. म्हणून या लेखात मंडलापेक्षा तार कशी न्यावी आणि सांधे कसे करावेत यावर जास्त भर दिला आहे.

हे चालतं कसं

टेलिफोन एक्सचेंज तुमच्या फोनला ४८ व्होल्ट डीसी देतं. रिसिव्हर उचलला की फोनमधला खटका जोडला जाऊन तारेतून २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. तुम्ही बोलता तेव्हा माइक या प्रवाहात चढउतार करतो आणि पलीकडचा फोन त्या चढउतारांचा पुन्हा आवाज करतो. एक्सचेंज काढून टाकलं आणि दोन फोन एका बॅटरीबरोबर एकसरीत, म्हणजे एकामागून एक जोडले, तरी हेच घडतं. प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास राहिला की बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

एकसरीत जोडण्याचा मोठा फायदा असा, की दोन्ही रिसिव्हर उचलल्याशिवाय मंडल पूर्ण होत नाही. एरवी बॅटरीतून बोलण्यासाठी काहीच खर्च होत नाही. याचाच दुसरा परिणाम घरच्यांना आधीच सांगून ठेवा: पलीकडचा रिसिव्हर उचलेपर्यंत आपला फोन पूर्ण मुका असतो. डायल टोन येत नाही. फोन बिघडलेला नाही, तसाच असतो.

घंटी मात्र अशी वाजत नाही. फोनची मूळ घंटी वाजवायला एक्सचेंज सुमारे ७५ व्होल्ट एसी पाठवतं. घरी तेवढं व्होल्टेज तयार करणं खटपटीचं आहे आणि ओल्या हाताला झटका देणारंही. म्हणून घंटीसाठी वेगळा बझर आणि वेगळं बटण.

फोन कसा निवडावा

गोल डायलचा जुना फोन, बटणांचा साधा फोन, दोन्ही चालतात. कॉर्डलेस चालत नाही, कारण त्याच्या तळाला घरची वीज लागते. डिस्प्ले आणि स्पीकरवाले फोनही टाळा, ते जास्त व्होल्टेज खातात. माळ्यावर धूळ खात पडलेले किंवा भंगारवाल्याकडचे फोन घेतले तरी हरकत नाही, पण आधी तपासून घ्या. भिंतीच्या सॉकेटमध्ये जाणाऱ्या कॉर्डच्या मधल्या दोन तारांना, बहुतेकदा त्या लाल आणि हिरव्या असतात, नऊ व्होल्टची बॅटरी लावा, रिसिव्हर उचला आणि माइकवर फुंकर मारा. कानाच्या बाजूला फुंकर ऐकू आली पाहिजे. आवाज अगदी बारीक आला आणि फोन गोल डायलचा असेल, तर रिसिव्हर तळहातावर चार-पाच वेळा आपटा. त्यात कार्बनचे कण असतात, ते दमटपणाने एकमेकांना चिकटतात आणि आपटल्यावर मोकळे होतात. तरीही फरक पडला नाही तर दुसरा फोन शोधा.

सामान

- तारेचे फोन २, त्यांच्या कॉर्डसकट
- रोझेट किंवा आरजे-११ सॉकेट (फोनची कॉर्ड लावायची भिंतीवरची डबी) २
- ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटऱ्या २, क्लिपसह (मिळून १८ व्होल्ट)
- ३३० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर १
- ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर १
- २५० मिलिअँपिअरचा फ्यूज, होल्डरसह
- ३ ते २४ व्होल्टवर चालणारे पिझो बझर २
- बेलची बटणं २ (दाबलं तेवढंच चालू राहणारी)
- झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे २
- कॅट-५ई (इंटरनेटला वापरतात ती आठ तारांची) बाहेरची केबल, मोजलेल्या अंतरापेक्षा पाच मीटर जास्त
- मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, उष्णतेने आकसणारी नळी

केबलच्या बाबतीत एक गोष्ट काटेकोरपणे पाहा. स्वस्तातली कॅट-५ केबल पुष्कळदा शुद्ध तांब्याची नसते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. खाऱ्या हवेत ती एका-दोन पावसाळ्यांत जोडापाशी पांढरी भुकटी होऊन तुटते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी दिसली तर ती केबल घेऊ नका. वरचं आवरण काळं, उन्हाला टिकणारं पाहिजे. घरातली करडी केबल आगरात उन्हाने तडकते.

तारेच्या जाडीची काळजी करण्याचं कारण नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला शंभर मीटरला सुमारे ९ ओहम रोध असतो, जाऊन-येऊन १८. ३३० ओहमच्या रेझिस्टरपुढे तो किरकोळ आहे. शंभर-दोनशे मीटरवरचा गोठाही याच सामानात होतो.

मंडल

आठ तारांपैकी चार वापरायच्या आणि चार राखीव ठेवायच्या. पीळ दिलेल्या जोड्या मोडू नका. बोलण्याची तार आणि ऋण तार एकाच जोडीत असली की विजेच्या वायरिंगची घरघर कमी येते.

- नारिंगी: धन
- नारिंगी-पांढरी: घंटी
- निळी: बोलणं
- निळी-पांढरी: ऋण

दोन्ही बॅटऱ्या एकसरीत जोडून एक बॅटरी समजा, ती घराच्या बाजूला राहील. जोडणीचा क्रम असा. बॅटरीचं धन टोक फ्यूजला. फ्यूजमधून दोन वाटा निघतात: एक थेट नारिंगी तारेला, दुसरी रेझिस्टरमधून घरातल्या फोनच्या एका टोकाला. फोनचं दुसरं टोक निळ्या तारेला. गोठ्यात निळी तार तिथल्या फोनच्या एका टोकाला आणि त्याचं दुसरं टोक निळ्या-पांढऱ्या तारेला. ती परत येऊन बॅटरीच्या ऋण टोकाला. बोलण्याचं मंडल झालं.

रेझिस्टरच्या दोन टोकांवर कपॅसिटर समांतर लावायचा, त्याचं धन टोक फ्यूजच्या बाजूला. रेझिस्टर प्रवाह मर्यादेत ठेवतो, पण त्यातून जाताना आवाजही दबतो. कपॅसिटर आवाजाला वेगळी वाट देतो: ३०० हर्ट्झच्या आवाजाला ४७ मायक्रोफॅरड जेमतेम ११ ओहमचा अडथळा करतो. तो उलटा लावला तर फुगतो, म्हणून टोकं दोनदा पाहा.

आता घंटी. दोन्ही ठिकाणी बझर नारिंगी-पांढऱ्या आणि निळ्या-पांढऱ्या तारेमध्ये लावा, बझरची लाल तार नारिंगी-पांढरीला. दोन्ही ठिकाणी बटण नारिंगी आणि नारिंगी-पांढऱ्या तारेमध्ये. कोणत्याही टोकाचं बटण दाबलं की दोन्ही बझर एकदम वाजतात. हे मुद्दाम तसं केलं आहे. आपल्याकडचा बझर वाजला म्हणजे बॅटरी आणि बटण शाबूत आहे, हे हाक मारणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

३३० ओहमच का? बटणांचा फोन २० मिलिअँपिअरला साधारण सहा व्होल्ट खातो. दोन फोनांचे बारा गेले, उरले सहा. सहाला ३३० ने भागलं की १८ मिलिअँपिअर येतात. गोल डायलचे फोन याहून कमी खातात, तेव्हा प्रवाह पंचविसाच्या आसपास जातो. दोन्ही ठीक. आणि रेझिस्टरच्या पुढे कुठे तारा एकमेकींना चिकटल्या तरी ५५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त वाहणार नाहीत. तेव्हा रेझिस्टरवर जवळजवळ एक वॉट उष्णता होते, म्हणून तो दोन वॉटचा सांगितला आहे. नारिंगी तार मात्र रेझिस्टरच्या आधी निघते, तिच्यासाठी फ्यूज.

आधी टेबलावर

केबल आगरात टाकण्याआधी सगळं एका टेबलावर जोडून पाहा. गुंडाळलेल्या केबलसकट जोडा, म्हणजे केबलचीही परीक्षा होते. दोन्ही रिसिव्हर उचलून मल्टिमीटर मंडलात एकसरीत लावा. १५ ते ३० मिलिअँपिअर दिसले की काम बरोबर आहे. दोन फोन शेजारी असले की शिट्टीसारखा आवाज घुमतो, तो दोष नाही. एक फोन दुसऱ्या खोलीत न्या. मग दोन्ही रिसिव्हर खाली ठेवून प्रवाह पुन्हा मोजा. शून्य आला पाहिजे. हा शून्य वहीत लिहून ठेवा, पावसाळ्यात गळती शोधताना त्याचाच आधार लागतो.

प्रवाह १५ च्या खाली असेल तर फोन जास्त व्होल्टेज खाणारे आहेत. रेझिस्टर २२० ओहमचा करा किंवा फोन बदला.

तार कुठून न्यावी

इथे घाई केली तर पुढचा प्रत्येक पाऊस त्रास देतो.

घरात केबल पाटाईच्या किंवा वाशांच्या कडेने न्या, जमिनीलगत नको. धुणं-पुसणं आणि उंदीर दोन्ही तिथेच असतात. विजेच्या वायरिंगपासून एक फूट लांब राहा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. विजेच्या बोर्डात किंवा त्याच पाइपमधून ही केबल कधीही नेऊ नका. एक जुनी वायर सोलली गेली तर कानाला लावलेल्या रिसिव्हरमध्ये २३० व्होल्ट येतील.

आगरातून जाताना दोन मार्ग असतात. वरून नेणं सोपं वाटतं, पण माडाची झावळ आणि नारळ पडतात, पोफळी वाऱ्यात हातहातभर झुलतात. वरूनच न्यायची असेल तर आधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणून तिला केबल दर फुटावर बांधा आणि झाडाला खिळा न मारता सैल फास घाला, झाड झुललं तरी केबलवर ताण येता कामा नये. आगरावरून महावितरणची लाइन जात असेल तर वरून न्यायचा विचारच सोडा. तुटलेली झावळ तुमची तार घेऊन त्या लाइनवर जाऊ शकते. विजेच्या खांबाला तर काहीच बांधू नये.

जमिनीतून नेणं कष्टाचं, पण टिकाऊ. बागेला पाणी द्यायला वापरतात ती काळी एचडीपीई पाइप, २५ मिलिमीटरची, एक फूट खोल पुरा. पाइप पुरण्याआधीच तिच्यातून नायलॉनची दोरी ओवून ठेवा, नंतर ओवता येत नाही. माड-पोफळींची आळी टाळून वळसा घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी आळी उकरणाऱ्याची कुदळ पाइपवरच पडेल. खाली कातळ लागला तर खणत बसू नका: गडग्याच्या कडेने, जमिनीपासून दोन हात वर, पाइप चिऱ्यांना बांधून न्या.

पाइपची दोन्ही टोकं हवाबंद केली तर आत पाणी येणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने आतल्या हवेतला दमटपणा पाणी होऊन सगळ्यात खोल जागी साठतो. म्हणून सगळ्यात खालच्या ठिकाणी पाइपला तळाशी एक बारीक भोक ठेवा आणि तिथे खाली मूठभर खडी टाका. वरची टोकं बारीक जाळीने बंद करा, उघडी राहिली तर कुंभारमाशी चिखलाने बुजवते.

भिंतीत केबल शिरते तिथे भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि केबलला भोकाखाली वीतभर झोळ द्या. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत येत नाही.

सांधे

सर्वात चांगला सांधा म्हणजे नसलेला सांधा. केबल एकसलग घ्या, मध्ये कुठेही जोड नको. दोन टोकांना जे जोड करावेच लागतात, ते नुसते पिळून टेप गुंडाळून करू नका. खाऱ्या हवेत टेपचा गोंद सुटतो, आत दमटपणा शिरतो आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. सोल्डर करा, वर आकसणारी नळी चढवा. सोल्डर जमत नसेल तर टेलिफोनचे लाइनमन वापरतात ते जेलीवाले कनेक्टर आणा. त्यात तार न सोलता घालून पक्कडीने दाबायची, आतली जेली पाणी येऊ देत नाही. रोझेटच्या स्क्रूखाली तार घट्ट आवळल्यावर त्यावर व्हॅसलीनचं बोट फिरवा.

फोन गोठ्याच्या आत ठेवू नये. गोमुत्रातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो, त्यात ओल. गोठ्याच्या बाहेरच्या पडवीत, छपराखाली, पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीवर झाकणाच्या डब्यात फोन ठेवा. बझर डब्याबाहेर खाली तोंड करून लावा. डब्यात तार शिरते ते भोक पुट्टीने बुजवा, नाहीतर पहिल्याच पावसात मुंग्या अंडी घेऊन तिथे राहायला येतात.

बॅटरीचा डबा माजघरात, कोरड्या फळीवर. बॅटऱ्या मिळून १५ व्होल्टच्या खाली गेल्या की बदला. अल्कलाइन बॅटऱ्यांवर सुमारे पंधरा तास बोलणं होतं. रोज पाच मिनिटं बोललात तर सहा महिने सहज. वापर जास्त असेल तर बारा पेन्सिल सेल एकसरीत लावा, ते कितीतरी पट टिकतात. मोबाइलचा किंवा कुठलाही ॲडॉप्टर बॅटरीऐवजी लावू नका: घरघर येते, वीज गेली की फोन जातो, आणि बाहेरच्या लाइनचा झटका थेट या तारेत येतो. त्याच कारणाने या तारा फायबरच्या मोडेमला किंवा चालू टेलिफोन लाइनलाही जोडायच्या नाहीत.

विजा

एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी कोकणात विजा जास्त. आगरातून गेलेली लांब तार जवळ पडलेल्या विजेचा झटका दोन्ही टोकांना आणू शकते. गडगडू लागलं की रिसिव्हर कानाला लावायचा नाही. फोनची कॉर्ड सॉकेटमधून उपसायची, आणि केबलही डब्यापाशी प्लगने जोडलेली ठेवली तर तीही काढून भिंतीपासून लांब ठेवायची. बाजारात विजेचा झटका जमिनीत सोडणारे गॅस-ट्यूबचे अरेस्टर मिळतात, पण त्यांना चांगलं अर्थिंग लागतं आणि कातळावरच्या घराला ते मिळणं कठीण. अरेस्टर लावला तरी प्लग उपसायचाच.

बिघाड शोधताना

दोघांनाही काहीच ऐकू येत नाही: आधी बटण दाबा. बझरही वाजला नाही तर फ्यूज, बॅटरी क्लिप किंवा निळी-पांढरी तार. बझर वाजतो पण बोलणं नाही, तर निळी तार, रोझेटचा स्क्रू किंवा फोनची कॉर्ड. कॉर्ड प्लगपाशी हलवून पाहा, जुन्या कॉर्ड तिथेच तुटतात.

बझर पावसात आपोआप कुजबुजतो: नारिंगी आणि घंटीची तार यांमध्ये ओल आहे, बहुतेकदा गोठ्याकडच्या बटणात. बटण उघडून कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवा, व्हॅसलीन लावा. पितळी पट्ट्यांचं बटण हिरवं पडलं असेल तर बदला.

रिसिव्हर खाली असूनही बॅटरी उतरते: गोठ्याकडचं सगळं सोडवून घराच्या टोकाला प्रवाह मोजा. शून्य आला तर ओल गोठ्याच्या डब्यात, नाही आला तर केबलमध्ये. केबलमध्ये असेल तर राखीव चार तारांपैकी दोन-दोन तारांमधली गळती मोजून कोरडी जोडी वापरा.

आवाज एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला बारीक: दोन वेगळ्या जातीचे फोन असले की असं होतं. अदलाबदल करा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाकडे मोठा आवाज देणारा फोन ठेवा.

तिसरा फोन

स्वयंपाकघरात आणखी एक फोन हवा असेल तर तो ओटीवरच्या फोनला समांतर जोडा. एकसरीत जोडला तर तिन्ही रिसिव्हर उचलल्याशिवाय कोणालाच बोलता येणार नाही. समांतर जोडल्यावर गोठ्याशी ओटीवरून किंवा स्वयंपाकघरातून, कुठूनही बोलता येतं. दोन्ही उचलले तर प्रवाह वाटला जाऊन आवाज थोडा कमी होतो. ओटी आणि स्वयंपाकघर मात्र आपसांत बोलू शकत नाहीत, कारण दोन्ही मंडलाच्या एकाच बाजूला आहेत. बझर आणि बटण तिथेही त्याच चार तारांवर लावा. सगळे बझर एकदम वाजणार, म्हणून खूण ठरवा: एक घंटी ओटी, दोन स्वयंपाकघर, तीन गोठा, आणि लांब घंटी म्हणजे हातातलं काम टाकून धावत या. खुणांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक फोनजवळ लावा, पाहुण्यांनाही तो कळला पाहिजे.